उन्हाळ्यातील मेंडोटा सरोवर आणि त्यातील दोन शिकारी मासे

गळाला मासा लागणे न लागणे हे मुख्यतः आमिषावर अवलंबून असते, असा समज गरवणाऱ्या मंडळींत सार्वत्रिक आहे आणि वाहत्या नदीच्या किंवा खाडीच्या काठी तो काही अंशी खराही ठरतो. परंतु उत्तर अमेरिकेच्या शीत प्रदेशातील सरोवरांवर, जेथे वर्षाचे तीन-साडेतीन महिने बर्फाचा अंमल चालतो आणि त्यानंतर येणारा अल्पायुषी उन्हाळा पाण्याची सारी व्यवस्थाच पालटून टाकतो, तेथे ऐन जुलै-ऑगस्टमध्ये मासा धरू इच्छिणाऱ्याने आमिषाचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि पाण्याचा विचार सर्वांत आधी करावा, हे आरंभीच सांगितलेले बरे. वरून एकसंध दिसणारे ते पाणी त्या ऋतूत एकसंध राहिलेले नसते. त्याचे थर पडलेले असतात, प्रत्येक थराची हवा वेगळी असते, आणि कोणत्या माशाने कोणत्या मुलखात राहावे याचा निवाडा तापमान व प्राणवायू या दोघांनी मिळून आधीच केलेला असतो. हा निवाडा ज्याला वाचता येतो, त्याच्या हातून साधा पत्र्याचा चमचाही काम करून जातो.

उदाहरणादाखल मी मेंडोटा सरोवर घेतो, आणि त्याला कारण आहे. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन ही ज्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसली आहे, तिच्या वायव्येस हे सरोवर सुमारे 40 चौरस किलोमीटर पसरले असून त्याची कमाल खोली 25 मीटर आहे. याहारा नदी उत्तरेकडून त्यात शिरते आणि पुढे मोनोना सरोवरात उतरते. राज्याचे विद्यापीठ याच्या दक्षिण तीरावर असल्यामुळे सरोवरशास्त्रज्ञांनी जगातील फारच थोड्या जलाशयांचा इतका बारकाईने आणि इतका दीर्घकाळ अभ्यास केला असेल. बर्फ केव्हा धरला आणि केव्हा फुटला याचे दप्तर तर येथे 1850 च्या दशकापासून चालत आले आहे. शिवाय आपल्याला ज्या दोन माशांविषयी बोलायचे आहे ते दोन्ही, उत्तरेकडचा पाईक आणि स्मॉलमाऊथ बास, याच पाण्यात नांदतात.

आता थर पडतात ते कसे, हे पाहू. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे 4 अंश सेल्सिअसला. वसंतात बर्फ वितळल्यानंतर काही काळ सबंध सरोवराचे तापमान जवळपास सारखे असते आणि वारा ते वरपासून तळापर्यंत घुसळू शकतो. परंतु ऊन चढू लागले की वरचे पाणी तापते, तापले की हलके होते, आणि जूनअखेर ते खालच्या थंड पाण्यावर रश्शावरच्या तवंगासारखे वेगळे राहते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाणी जितके अधिक ऊन, तितका एकेका अंशामागे त्याच्या घनतेत पडणारा फरक मोठा असतो. 4 आणि 5 अंशांच्या पाण्यांत जो भेद, त्याच्या कित्येक पट भेद 24 आणि 25 अंशांच्या पाण्यांत असतो. म्हणूनच उन्हाळ्यातील थर इतके बळकट होतात की, ऑगस्टमधले वादळही ते मोडू शकत नाही. वरचा ऊन थर आणि खालचा थंड थर यांच्या दरम्यान जो पट्टा असतो, त्यात दर मीटर खोलीमागे तापमान एक अंशाने किंवा त्याहूनही झपाट्याने उतरते. या पट्ट्याला थर्मोक्लाइन हे नाव एडवर्ड बर्ज या प्राणिशास्त्रज्ञाने मेंडोटाच्याच अभ्यासातून 1897 साली दिले. तोच बर्ज पुढे त्या विद्यापीठाचा अध्यक्ष झाला.

बर्ज आणि त्याचा सहकारी चॅन्सी ज्यूडे यांनी 1911 मध्ये विस्कॉन्सिनच्या सरोवरांतील विरघळलेल्या वायूंवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मासे धरणाऱ्यांसाठी लिहिलेला नाही. तथापि माझ्या मते उन्हाळी मासेमारीचा खरा पाया त्यातच आहे. थर पडले की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून मरून पडणारे शैवाल तळाशी कुजते, कुजताना प्राणवायू खाते, आणि नवा प्राणवायू तर खाली पोहोचतच नाही. मेंडोटाच्या भोवती दुभत्या जनावरांची मोठी शेती असल्यामुळे खतातील स्फुरद पावसाबरोबर सरोवरात येते, त्यावर शैवाल माजते, आणि परिणामी ऐन उन्हाळ्यात खालचा सबंध थर माशांना राहण्यास निरुपयोगी होतो. एखादा नवशिका मनुष्य असा तर्क करतो की, उकाडा आहे, तेव्हा मासा खोल आणि थंड पाण्यात गेला असेल, आणि 20 मीटरांवर गळ सोडून दिवसभर वाट पाहत बसतो. तेथे एकही मासा नसतो, कारण तेथे श्वास घेण्याजोगे काही उरलेलेच नसते. ऐन उन्हाळ्यात मेंडोटाची माशांना वस्तीयोग्य अशी हद्द वरच्या आठ-दहा मीटरांत संपते.

ही हद्द नेमकी कोठे आहे, ते शोधण्यास हल्ली ध्वनियंत्रे आहेत आणि त्यांच्या पडद्यावर थर्मोक्लाइन पुसट आडव्या पट्ट्यासारखी उमटते. परंतु यंत्र नसले तरी अडत नाही. जड बाटलीच्या गळ्याला मीटरामीटरावर गाठी मारलेली दोरी बांधावी, बुचाला दुसरी बारीक दोरी लावावी, बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडून बूच हिसक्याने काढावे, बुडबुडे थांबेतो धीर धरावा, आणि बाटली झरझर वर ओढून तीत तापमापक बुडवावा. तीन मीटरांवर 25 अंश, सहावर 24, आठवर 21, नऊवर 17, असे आकडे येऊ लागले की पाण्याचा नकाशाच हाती आला असे समजावे. या कामात जाणारा अर्धा तास वाया गेला असे मानणाऱ्याचा उरलेला दिवस बहुधा वाया जातो.

आता त्या दोन माशांकडे वळू. पाईक हा प्राचीन आणि विस्तीर्ण मुलखाचा मासा आहे. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही खंडांत तो सापडतो, लिनियसने 1758 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी, 1653 साली, आयझॅक वॉल्टनने आपल्या प्रख्यात ग्रंथात त्याच्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखले होते. त्याची देहरचना पाहिली की त्याचा स्वभाव कळतो. अंग लांब, तोंड बदकाच्या चोचीप्रमाणे चपटे, आणि पाठीवरचा व पोटाखालचा असे दोन्ही पर शेपटीलगत मागे सरकलेले. त्यामुळे शरीराचा मागचा सबंध भाग एकाच वल्ह्याचे काम करतो आणि निश्चल उभा असलेला मासा निमिषार्धात पुढे झेपावतो. पाठलाग हे त्याचे शस्त्र नव्हे, दबा हे आहे. या बाबतीत महाराष्ट्रातील मरळ त्याच्या जवळची ठरते, कारण तीही पाणवनस्पतीत स्थिर राहून वार करते; मात्र मरळ अंगचीच ऊन पाण्याची आहे, तर पाईक थंड पाण्याचा.

स्मॉलमाऊथ बास हा निव्वळ अमेरिकन मासा. महासरोवरे, सेंट लॉरेन्स, आणि मिसिसिपी व ओहायो यांची वरची खोरी हे त्याचे मूळ वतन होय. तेथून माणसाने त्याला दूरदूर नेले. 1854 मध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून ओहायो खोऱ्यातील काही बास पर्वत ओलांडून पोटोमॅकच्या खोऱ्यात नेऊन सोडण्यात आले आणि त्यांची प्रजा तेथे फोफावली, ही हकीकत त्या देशाच्या मत्स्येतिहासात प्रसिद्ध आहे. अंगाने हा मासा आटोपशीर असतो. दोन किलोचा बास म्हणजे मोठी गोष्ट, आणि डेल हॉलो जलाशयात 1955 मध्ये धरलेला 11 पौंड 15 औंसांचा मासा अद्याप जगातला सर्वांत मोठा मानला जातो. त्याच्या तुलनेने 1986 मध्ये जर्मनीत धरलेल्या विक्रमी पाईकचे वजन 55 पौंड 1 औंस भरले होते. परंतु जेम्स हेन्शॉल या वैद्याने 1881 मध्ये बासवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने वजनाच्या मानाने या माशाचे झुंजारपण सर्वश्रेष्ठ ठरवले, आणि त्या निर्णयाशी वाद घालणारे मला थोडेच आढळले आहेत.

दोघांचे वर्षही निरनिराळ्या वेळी सुरू होते. बर्फ फुटताच पाईकची मादी काठच्या दलदलीत, पुराने बुडालेल्या गवतावर अंडी टाकून निघून जाते. बासचा नर मात्र पाणी 15 ते 18 अंशांवर येईपर्यंत थांबतो, वाळूखड्यांत शेपटीने घरटे कोरतो, आणि अंडी फुटून पिले पोहू लागेपर्यंत त्यांची राखण करतो. त्या राखणीच्या दिवसांत तो घरट्याजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो, म्हणून त्या वेळी त्याला धरणे अगदी सोपे असते. परंतु नर उचलला गेला की पर्च आणि सनफिश ती पिले फस्त करतात. हे ज्याला ठाऊक आहे त्याने जूनअखेरीपर्यंत उथळ घरट्यांच्या वाटेला जाऊ नये, मग कायद्याची मुभा असो वा नसो.

उन्हाळा पक्का झाला की दोघांचे मार्ग स्पष्टपणे वेगळे होतात. मध्यम आकाराचा पाईक, म्हणजे साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीपर्यंतचा, 20-21 अंशांचे पाणी सुखाने सोसतो आणि पाणवनस्पतींच्या आश्रयाला राहतो. मेंडोटात पिकनिक पॉइंट नावाचे भूशिर सरोवरात दूरवर शिरले आहे. त्याच्या आणि विद्यापीठाच्या मधल्या उपसागरात अशा वनस्पतींची दाट राने आहेत, आणि 1960 च्या दशकात युरेशियन मिलफॉइल या परदेशी वनस्पतीने त्यांत शिरकाव केल्यापासून ती अधिकच दाट झाली आहेत. परंतु रानाच्या मध्यभागी गळ टाकण्यात अर्थ नाही. पाईक उभा असतो तो रानाच्या बाहेरच्या सरहद्दीवर, जेथे तीन ते पाच मीटरांवर प्रकाश संपतो, वनस्पती संपतात आणि मोकळे पाणी सुरू होते. त्यातही जेथे ती सरहद्द आत वळते किंवा एखादे टोक काढते, जेथे पाने तपकिरी न पडता हिरवी व ताठ असतात, तेथे. हिरवे पान दिवसा प्राणवायू देते आणि कुजणारे पान तो खाते, हा भेद पाईकला आपल्याआधी कळतो.

नाव त्या सरहद्दीला समांतर ठेवावी आणि आमिष सरहद्दीच्या काठाकाठाने ओढत आणावे, म्हणजे ते अनेक दबेकऱ्यांच्या समोरून जाते. आमिषाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. व्हर्मॉंटच्या ज्यूलिओ ब्यूएलने 1852 मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले, डेट्रॉइटच्या एपिंगर कंपनीचा तांबडा-पांढरा चमचा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला, फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये बुचाच्या लाकडातून कोरलेला मासा जखमी माशासारखा डुलू लागला; हे तिन्ही आजही पाईकला पुरेसे आहेत. खरी दक्षता वेगळ्याच ठिकाणी हवी. पाईकच्या खालच्या जबड्यातील दात सुऱ्यासारखे असतात आणि टाळूवर मागे कललेल्या शेकडो सूक्ष्म दातांचा गालिचा असतो, म्हणून आमिषाच्या वर वीतभर तरी पोलादी तारेचा तुकडा लावणे अनिवार्य आहे. साध्या दोरीवर पाईक धरू जाणारा मनुष्य केवळ आमिष गमावत नाही, तर गळ तोंडात अडकलेला मासा मागे सोडतो, आणि हे अक्षम्य आहे.

आमिष नावेपाशी आले की पाण्यातून झटकन उचलू नये. पाईकला पाठीमागून येण्याची खोड आहे: हिरवट पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा तो लांब देह आमिषाच्या वीतभर मागे, एकही पर न हलवता सरकत येतो, आणि नावेच्या सावलीत येऊन थबकतो. अशा वेळी काठीचे टोक पाण्यात बुडवून आमिष रुंद वर्तुळात फिरवावे, वळणावर किंचित वेग वाढवावा. वळलेले भक्ष्य निसटते आहे असे वाटून पुष्कळदा त्याच क्षणी तो झडप घालतो. त्याच्या खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस बहुधा पाच सूक्ष्म रंध्रे असतात, आणि गढूळ पाण्यातही त्याला जवळची हालचाल जाणवते ती या व अंगावरील अशाच इंद्रियांमुळे.

मोठ्या पाईकचा मामला निराळा आहे. वय आणि आकार वाढला की त्याला ऊन पाणी सोसत नाही. जुलैच्या मध्यानंतर तो वनस्पतींचे रान सोडतो आणि मोकळ्या पाण्यात, थर्मोक्लाइनच्या अगदी वरच्या अंगाला, पाणी थंड आणि तरीही श्वास घेण्याजोगे असलेल्या एका अरुंद पट्ट्यात जाऊन राहतो. वरून उष्णता दाबते, खालून प्राणवायूचा दुष्काळ दाबतो. याच पट्ट्यात सिस्को नावाचा चंदेरी, तेलकट मासा राहतो, आणि एक सिस्को पाईकला डझनभर पर्चइतके पोषण देतो. म्हणून जेथे सिस्कोचे थवे तेथे मोठे पाईक, हे सूत्र उत्तरेकडील बहुतेक सरोवरांत लागू पडते. तेथे खोल जाणारे मोठे आमिष नावेमागे सावकाश ओढणे, हाच उपाय.

मेंडोटात मात्र या सूत्रावर एक मोठा आघात झाला, आणि तो मुद्दाम सांगण्याजोगा आहे. 1987 मध्ये राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याने आणि विद्यापीठाने मिळून या सरोवरात पाईक आणि वॉलआय यांची लाखो पिले सोडण्याची मोहीम हाती घेतली. हेतू असा की, या शिकाऱ्यांनी लहान मासे खावेत, लहान मासे घटल्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले डॅफ्निया नावाचे सूक्ष्म कवचधारी वाढावेत, आणि डॅफ्नियांनी शैवाल चरून पाणी निवळावे. परंतु मोहिमेची पिले मोठी होण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या उष्ण उन्हाळ्यात, तो अरुंद थंड पट्टा इतका आवळला गेला की सिस्को मोठ्या संख्येने मेले आणि किनाऱ्याला लागले. डॅफ्नियांचा मोठा भक्षक एकाएकी नाहीसा झाला. पुढच्या वर्षी थोराड जातीचे डॅफ्निया माजले आणि पाणी स्वच्छ झाले. योजलेला परिणाम घडला, पण त्याचा पुष्कळसा भाग उन्हाने घडवला होता. उकाड्याचे दोन-चार अंश सबंध अन्नसाखळी कशी हलवतात हे ज्याने मेंडोटाच्या या कथेत पाहिले, त्याला तापमापकाचा कंटाळा येणार नाही.

बासला हा पेच पडत नाही. 20 ते 26 अंशांचे पाणी त्याला मानवते, आणि पाईक सुस्तावतो त्याच दिवसांत त्याची भूक आणि वाढ दोन्ही ऐन भरात असतात. त्याची वसाहत दगडांची. मेपल ब्लफखालचे धोंडे, उत्तर तीरावरील गव्हर्नर्स आयलंडचे टोक, पिकनिक पॉइंटच्या पाण्याखाली गेलेली कणा-रेषा, आणि मोकळ्या पाण्यातून तीन-चार मीटरांपर्यंत वर येणारे खडकाळ उंचवटे, ही त्याची ठिकाणे होत. तेथे त्याला ओढतो तो क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्या असलेला, शेवंडीच्या कुळाकडे झुकणारा एक लहान जीव. दिवसा तो दगडाखाली असतो, संध्याकाळी बाहेर पडतो, आणि कात टाकल्यावर कवच मऊ असते तेव्हा बासची चंगळ होते. विस्कॉन्सिनमध्ये सरोवरावर जिवंत क्रेफिश आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण अशाच वापरातून ओहायो खोऱ्यातील रस्टी क्रेफिश उत्तरेकडील सरोवरांत पसरला आणि त्याने पाणवनस्पतींची राने कापून काढली.

म्हणून त्याची नक्कल करावी: शिशाच्या गोळीवर ओढलेली तपकिरी-हिरव्या रंगाची पोकळ रबरी नळी, शेवटाला झालरी असलेली. ती दगडांवर पडू द्यावी आणि ओढण्याऐवजी सरपटवावी. काठीच्या टोकातून तळाची भाषा हाताला कळू लागते. वाळू गुळगुळीत लागते, खडी किरकिरते, धोंड्यावर नळी अडते आणि सुटते. बासचा घास बहुधा हिसका म्हणून येत नाही. नळी धोंड्यावरून खाली पडत असताना दोरी वेळेआधीच सैल पडते, किंवा हाताला नुसता एक मऊ जडपणा जाणवतो. तेवढ्यावर गळ बसवावा लागतो. पुढचे सांगायला नको, कारण पहिल्या दोन क्षणांतच मासा पाण्याबाहेर उडी घेतो आणि डोके झटकतो, आणि त्या वेळी दोरी ढिली पडली तर नळी परत येते, मासा येत नाही. भल्या पहाटे, पाणी आरशासारखे असताना, तोच बास उथळ धोंड्यांवर येतो आणि पृष्ठभागावर टपटप आवाज करणाऱ्या लाकडी आमिषावर झेप घेतो. सूर्य वर आला की तो खोल सरकतो, आणि पाणी जितके नितळ तितका अधिक खोल.

वाऱ्याचा विचार या दोन्ही माशांसाठी करावा लागतो. वारा दिवसभर एका दिशेने वाहिला की ऊन पाणी वाऱ्याच्या समोरच्या तीराशी साचते आणि तेथे थर्मोक्लाइन खाली दाबली जाते. उलट, ज्या तीराकडून वारा येतो तेथे ती वर चढते. वारा पडला की हा कललेला थर तराजूच्या दांडीसारखा खालीवर हेलकावू लागतो आणि हे हेलकावे कित्येक तास, प्रसंगी दिवसन् दिवस चालतात. काल आठ मीटरांवर मिळालेला पाईक आज सहावर मिळतो याचे रहस्य बहुधा येथेच असते. बासच्या दृष्टीने मात्र लाटा फुटणारा, फेसाळ, खडकाळ तीर हाच उत्तम. लाटांनी प्रकाश मोडतो, सूक्ष्म जीव त्या तीराकडे लोटले जातात, त्यांच्यामागे लहान मासे येतात, आणि दुपारीही बास निर्धास्तपणे उथळात चरतो.

राहिला प्रश्न धरलेल्या माशाचा. दहा अंशांचे पाणी लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, 25 अंशांचे केवळ 8.3, म्हणजे झुंज देऊन दमलेल्या माशाची गरज सर्वाधिक असते तेव्हा उन्हाळी पाण्यातला साठा सर्वांत कमी असतो. पाईक याला फार लवकर बळी पडतो. जाड दोरी वापरून झुंज आटोपती घ्यावी, गळाचे उलटे दाते पक्कडीने दाबून टाकावेत, मासा जाळीतच पाण्यात ठेवून लांब पक्कडीने गळ काढावा, उभा लोंबकळवून छायाचित्र घेऊ नये. आणि पृष्ठभाग 24 अंशांच्या वर गेला असेल तर मोठ्या पाईकचा नाद सोडून बासकडे वळावे, असे माझे आग्रहाचे मत आहे; सोडलेला पाईक पोहत गेला म्हणजे वाचला असे नव्हे, काही तासांनी तळाशी मरणारे मासे कोणाच्या हिशेबात येत नाहीत.

बासचा धोका उलट प्रकारचा आहे. पाईकच्या वाताशयापासून घशापर्यंत नळी असते, त्यामुळे वर येताना फुगणारी हवा तो सोडून देऊ शकतो. बासला ती सोय नाही, आणि नऊ-दहा मीटरांहून खोलातून ओढून काढला तर त्याचे पोट फुगते आणि सोडल्यावर तो कुशीवर तरंगत राहतो. मेंडोटात उन्हाळाभर ही आपत्ती क्वचितच येते, कारण तेवढ्या खोलात तो राहूच शकत नाही. परंतु शरदात थर मोडून तळापर्यंत प्राणवायू पोहोचला की बासचे थवे खोल उतरतात, आणि अधिक नितळ सरोवरांत तर ते ऑगस्टमध्येही तेथे सापडतात. तेथे आठ मीटरांच्या खाली बाससाठी गळ सोडायचा तो खाण्यापुरता मासा ठेवायचा असेल तरच, आणि परवान्यातील संख्या भरली की काठी आवरती घ्यावी.